चारशे दोन मीटर आणि रोजची जुनी गाडी

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममधल्या सेंच्युरियन रणगाड्यासमोर उभं राहिलं की आधी जाणवतं ते त्याचं वजन. सुमारे ५२ टन. आतलं मिटिऑर इंजिन रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनापासून घडवलेलं, ६५० अश्वशक्तीचं. भागाकार केला तर टनामागे साडेबारा अश्वशक्ती येते. भिंगार कॅन्टोन्मेंटच्या आसपास वाढलेल्यांना हा भागाकार नवा नाही. रणगाडा किती चपळ आहे हे सांगायचं तर नुसती अश्वशक्ती सांगून भागत नाही. ती किती वजनाच्या वाट्याला येते, तेही सांगावं लागतं.

आता हाच भागाकार फियाट पालिओच्या १.६ लिटरच्या मॉडेलला लावा. २००१ मध्ये आलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही छोटी गाडी. इंजिन १०० अश्वशक्तीच्या आसपास, चालकासह वजन ११७० किलो धरू. टनामागे ८५ अश्वशक्ती झाली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घराला परवडलेली खरीखुरी स्पोर्टी गाडी कोणती, असं विचारलं तर मी हिचंच नाव घेईन. ज्यांनी ती जपली आहे ते आजही तिच्यातून भिंगारहून सावेडीला कामाला जातात, येताना मार्केट यार्डातून भाजी आणतात. अशी एखादी गाडी वर्षातून एकदा मोकळ्या धावपट्टीवर नेऊन, थांबलेल्या स्थितीतून ४०२ मीटर ती किती सेकंदांत कापते हे मोजायचं, हा ड्रॅग रेसचा हौशी अवतार. मोठ्या पैशाच्या, कानठळ्या बसवणाऱ्या गाड्यांमुळे हा खेळ श्रीमंतांचा वाटतो. प्रत्यक्षात मोटरस्पोर्टच्या सगळ्या प्रकारांत रोजच्या गाडीला सर्वांत मोकळेपणाने सामावून घेणारा प्रकार हाच आहे, आणि त्याचं कारण त्याच्या नियमांत आहे.

४०२ मीटर म्हणजे पाव मैल, १३२० फूट. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिनं खोलून, सुधारून, कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर पळवत असत. युद्धानंतर ही हौस शहरांच्या रस्त्यांवर उतरली आणि माणसं मरू लागली. तेव्हा शर्यतीला रस्त्यावरून उचलून बंदिस्त जागी नेण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित शर्यती होऊ लागल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. या खेळाची संस्था जन्मली तीच मुळी पोरांना रस्त्यावरून हटवण्यासाठी, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

आपल्या देशातही मोटारशर्यती रुजल्या त्या विमानाच्या धावपट्टीवरच. मद्रासजवळच्या शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी कित्येक दशकं भारतीय मोटरस्पोर्टचं माहेरघर होती. महाराष्ट्रात गेल्या दशकात लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही पाव मैलाची स्पर्धा भरू लागली. तिथे लाखो रुपये खर्चून तयार केलेल्या गाड्या येतात, तशा वेगवेगळ्या गटांत साध्या गाड्या आणि मोटरसायकलीही येतात.

मोटरसायकलींचा विषय निघालाच आहे तर तोच भागाकार त्यांनाही लावून पाहू. यामाहा आरएक्स १०० ची ११ अश्वशक्ती, गाडी आणि स्वार मिळून १६५ किलो, टनामागे ६७. राजदूत ३५० ची ३० अश्वशक्ती, स्वारासह सुमारे २२० किलो, टनामागे १३६. ऐंशीच्या दशकात ज्याच्या दारात राजदूत ३५० उभी असे त्याला गल्ली का ओळखत होती, ते या एका आकड्यात आहे.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, एक सरळ पट्टा आणि जो आधी पोचेल तो जिंकला, असा सर्वसाधारण समज असतो. मराठी वाचकाला खरा प्रकार समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपल्याकडे बैलगाडा शर्यत आहे. सातारा-सांगलीकडे गट पाडून अनेक गाड्या एकाच वेळी सोडतात आणि पुढे येईल तो जिंकतो. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात मात्र ‘घाट’ म्हणतात त्या शर्यतीच्या पट्ट्यावर एका वेळी एकच गाडा पळतो, पुढे घोडी धरलेली असते, आणि बारी सुटल्यापासून निशाणापर्यंतचे सेकंद मोजले जातात. गाडे सेकंदांप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकात वाटले जातात. सगळ्यांत कमी वेळाचा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो; पण आपल्या क्रमांकात बसलेला गाडाही बक्षीस घेऊन, गुलाल उधळत घरी जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर शिथिल झाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला आणि हे घाट पुन्हा भरू लागले. सेकंदाच्या शंभराव्या भागावर गावच्या गाव वाद घालताना ज्याने ऐकलं आहे, त्याला ड्रॅग रेसचा आत्मा निराळा शिकवावा लागणार नाही.

ड्रॅग रेसमध्ये या दोन्ही पद्धती एकत्र आहेत. शेजारी प्रतिस्पर्धी असतो आणि घड्याळही असतं. सुरुवातीच्या रेषेवर रस्त्यालगत प्रकाशाचे दोन झोत आडवे जातात. पुढचं चाक पहिल्या झोतात आलं की कळतं, गाडी जवळ आली. दुसऱ्यात आलं की ती जागेवर उभी. समोर ख्रिसमस ट्री या नावाने ओळखला जाणारा दिव्यांचा खांब असतो. १९६३ पासून तो वापरात आहे. हौशी गटांत तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरत लागतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी चाक झोतातून सुटलं तर लाल दिवा, धाव बाद.

इथे एक बारकावा आहे आणि नवख्या माणसाचा गोंधळ तिथेच होतो. हिरवा दिवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ हा चालकाचा प्रतिसाद-वेळ. तो वेगळा मोजतात. गाडीचा धाववेळ चाक झोतातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. म्हणजे हिरव्यानंतर कोणी तीन सेकंद झोप काढली तरी त्याच्या गाडीचा धाववेळ तितकाच येईल, फक्त शर्यत तो हरेल. गाडीची परीक्षा आणि माणसाची परीक्षा अशी अलग केली आहे, हे मला या खेळातलं सर्वांत प्रामाणिक कलम वाटतं.

धाव संपल्यावर हातात टाइम स्लिप येते. आपल्या पालिओची स्लिप नमुन्यादाखल मनात लिहून पाहू: प्रतिसाद ०.४१ सेकंद, पहिले साठ फूट २.६५, निम्मं अंतर, म्हणजे २०१ मीटर, ११.१; पूर्ण अंतर १७.२, शेवटच्या टप्प्यातला वेग ताशी १२७ किलोमीटर. प्रत्येक ओळ वेगळ्या गोष्टीची तक्रार करते. शेवटचा वेग चांगला आणि वेळ वाईट असेल तर इंजिन निरोगी आहे, चूक सुटताना झाली. वेळ बरा आणि वेग पडलेला असेल तर चालकाने आपलं काम केलं, इंजिनाचा दम कमी झाला आहे. गॅरेजमध्ये आठवडाभर खटपट करून जे कळत नाही ते कागदाच्या या चिटोऱ्यावर कधी कधी सरळ वाचता येतं.

हे १७.२ आणि १२७ मी हवेतून काढलेले नाहीत. गाडीला मिळणारी शक्ती कायम धरली तर अंतर कापायला लागणारा वेळ वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो, हे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातून निघतं. जेफ्री फॉक्स यांनी १९७३ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये यावर एक वाचनीय निबंध लिहिला. शर्यतीच्या मैदानावरच्या माणसांनी अनुभवातून बसवलेलं सूत्रही तेच सांगतं: पौंडातल्या वजनाला अश्वशक्तीने भागा, घनमूळ काढा, ५.८२५ ने गुणा. आपल्या गाडीचं वजन २५७९ पौंड, शक्ती १००; घनमूळ २.९५; उत्तर १७.२ सेकंद. टायर कधीच घसरला नाही, गिअर बदलताना क्षणही वाया गेला नाही आणि हवेने विरोध केला नाही असं धरून तेच गणित केलं, तर वेळ १४.२ येतो. मधले तीन सेकंद रबर, क्लच, गिअरबॉक्स, वारा आणि चालकाचे हातपाय यांच्यात वाटले गेलेले असतात.

घनमूळ ही कंजूष गोष्ट आहे. इंजिनाची शक्ती दुप्पट केली तरी वेळ निम्मा होत नाही, १७.२ वरून १३.७ वर येतो. दहा अश्वशक्ती वाढवली तर जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, आणि जुन्या इंजिनातून दहा अश्वशक्ती जास्तीची काढायला बराच पैसा लागतो. उलट डिकीतलं स्टेपनीचं चाक, जॅक, पाण्याचे कॅन, मागच्या सीटवरचं सामान असं ५० किलो वजन उतरवलं तर पाव सेकंद फुकट मिळतो. ज्याची गाडी सोमवारी पुन्हा कामावर जाणार आहे त्याने आधी वजन काढावं. इंजिनाला हात लावायची वेळ बहुधा येतच नाही.

आता हवा. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल जाळू शकतं. म्हणून एकाच तापमानाला तीच गाडी मुंबईत १०० अश्वशक्तीची असेल तर भिंगारमध्ये ९३ ची होते आणि पाव मैलाला ०.४ सेकंद जास्त घेते. थंडीने मात्र भरपाई होते. डिसेंबरातल्या पहाटे नगरला पारा १२ अंशांवर असतो. त्या हवेची घनता काढली तर ती मुंबईतल्या मेच्या दुपारच्या, ३३ अंशांच्या हवेइतकीच भरते. नगरचीच मेमधली ४० अंशांची दुपार घेतली तर त्या पहाटेपेक्षा हवा ९ टक्क्यांनी विरळ. डेन्व्हरजवळ १७०० मीटरहून उंच जागी असलेल्या बँडिमिअर स्पीडवेवर, जो २०२३ मध्ये बंद झाला, गाड्यांच्या वेळांना उंचीचा गुणक लावून मगच त्यांची इतर ठिकाणांशी तुलना करत. आपल्याकडे मित्रामित्रांत वेळांची तुलना होते तेव्हा धाव कुठे, कोणत्या महिन्यात आणि किती वाजता काढली हे कोणी विचारत नाही. विचारलं पाहिजे.

पण सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे ते पहिल्या साठ फुटांत, अवघ्या १८ मीटरमध्ये. अनुभवी चालक मानतात की इथे गमावलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटाला निदान तेवढा, बहुतेकदा दीडपट होऊन येतो. रेषेवरचे हे पहिले तीन सेकंद जरा सावकाश पाहू.

पहिला गिअर पडलेला. डाव्या पायाखाली क्लच पूर्ण दाबलेला, उजव्या पायाने इंजिन तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर धरलेलं. काटा थरथरत असतो, तो स्थिर करायचा. कानाने ऐकून करायचा, कारण डोळे दिव्यांवर आहेत. हँडब्रेक सुटलेला. तिसरा पिवळा लागला की हिरव्याची वाट न पाहता क्लच सोडायला घ्यायचा. पाय हलेपर्यंत आणि चाक फिरेपर्यंत हिरवा लागतोच. क्लच एकदम सोडला तर पुढची चाकं जागच्या जागी किंचाळतात, रबराचा धूर होतो आणि गाडी हलत नाही. फार हळू सोडला तर इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि गाडी गुदमरते. बरोबर जागा यांच्या मधे आहे: क्लच धरायला लागतो त्या बिंदूवर पाय क्षणभर थांबवायचा, टायर अगदी किंचित घसरतो आहे असं स्टिअरिंगमधून हाताला जाणवलं की मग उरलेला सोडायचा. जुन्या गाडीत केबलचा क्लच असेल तर तो बिंदू पायाला स्पष्ट कळतो.

हे इतकं नाजूक का, याचं उत्तर पुन्हा वजनात आहे. गाडी पुढे झेपावली की तिचं वजन मागे सरकतं. ११७० किलोची गाडी, २.३७ मीटर अंतरावरची पुढची-मागची चाकं, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर; गुरुत्वाकर्षणाच्या चार दशांश इतक्या त्वरणाने ती निघाली तर जवळजवळ १०० किलो भार पुढच्या चाकांवरून उठून मागच्यांवर जातो. पालिओ पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. म्हणजे पकडीची गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच तिची पुढची चाकं हलकी होतात. जुनी प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. तिला हेच वजन फायद्याचं ठरतं, फक्त तिच्या इंजिनात त्या फायद्याचा उपयोग करण्याइतका जोर नाही. पुढच्या चाकांच्या गाडीत म्हणूनच डिकी रिकामी ठेवून, टाकीत थोडकंच पेट्रोल घेऊन रेषेवर यायचं. ताकद वाढवून इथे काही मिळत नाही. जास्तीची ताकद टायर जाळण्यातच जाते.

क्लचवर काय गुदरतं, तेही आकड्यात पाहण्यासारखं आहे. ताशी २५ किलोमीटरचा वेग येईपर्यंत क्लच घसरत राहिला असं धरलं, तर त्या दोनेक सेकंदांत सुमारे २८ किलोज्यूल उष्णता त्याच्या चकत्यांत मुरते. अर्धा कप चहाचं आधण उकळीच्या जवळ नेण्याइतकी ही उष्णता, तीही दोनेक सेकंदांत आणि काही मिलिमीटर जाडीच्या थरात. म्हणून दोन धावांमध्ये बॉनेट उघडून गाडी उभी ठेवायची. लागोपाठ पाच धावा काढणाऱ्याला पाचव्या धावेला जळका वास येतो आणि पुढच्या आठवड्यात कापूरवाडीच्या चढाला क्लच घसरतो.

आता रोजच्या जुन्या गाडीला या खेळात खरी जागा देणाऱ्या नियमाकडे. हौशी ड्रॅग रेसमध्ये जगभर सर्वांत जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे ब्रॅकेट रेस. त्यात चालकाने आपली गाडी किती वेळ घेईल हे आधी स्वतःच जाहीर करायचं आणि काचेवर लिहायचं. आपल्या पालिओच्या काचेवर १७.२० लिहिलं. शेजारी एक नवी टर्बो गाडी, तिच्यावर १३.५०. मग पालिओचा हिरवा दिवा ३.७० सेकंद आधी लागतो. दोघांनीही आपापला शब्द तंतोतंत पाळला आणि प्रतिसादही सारखाच दिला तर शेवटची रेषा दोघं एकाच क्षणी ओलांडतील. जो आधी पोचेल तो जिंकला, पण एका अटीवर: जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पळायचं नाही. पालिओ १७.१२ मध्ये पोचली तर ती स्वतःच्या शब्दाबाहेर गेली. दुसऱ्याने तीच चूक याहून मोठी केली नसेल तर ती हरली. यामुळे वेळ मुद्दाम वाढवून लिहिण्याची लबाडीही निरुपयोगी ठरते.

या नियमाने सगळंच फिरतं. आता जोर विकत घेऊन जिंकता येत नाही. जिंकतो तो ज्याची गाडी दर वेळी तेच करते आणि ज्याला आपली गाडी नेमकी ठाऊक आहे. साध्या श्वासाचं, टर्बो नसलेलं, मूळ अवस्थेतलं जुनं इंजिन इथे उजवं ठरतं. नव्या टर्बो गाडीचा इंटरकूलर दुसऱ्या-तिसऱ्या धावेला तापतो, संगणक आपला जोर कमी करतो आणि वेळ इकडेतिकडे होतो. जुन्या गाडीला असे रुसवेफुगवे कमी. शिवाय तिचा मालक तिला रोज चालवतो. कोणत्या आवाजावर तिसरा गिअर टाकला की ती अडखळत नाही, सकाळी इंजिन किती तापल्यावर ती मोकळी होते, हे त्याला विचारही न करता माहीत असतं. वर्षभर ताडपत्रीखाली ठेवलेल्या गाडीच्या मालकाला हे कळायला मार्ग नाही. म्हणूनच रोजची जुनी गाडी शर्यतीत उतरवणाऱ्याची कीव करणाऱ्यांशी माझं पटत नाही. या प्रकारात त्याच्याजवळ जे आहे ते पैशाने मिळत नाही.

हे सगळं रस्त्यावर करायचं नाही. पाथर्डी रस्ता असो, जामखेड रस्ता असो की बायपास, पहाटे चार वाजता मोकळा दिसणारा रस्ता मोकळा नसतो. तिथून ऊसतोड मजुरांची बैलगाडी जाते, दुधाची किटली लावलेली मोटरसायकल जाते, कुत्रं आडवं येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केलं तर वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड. पण कायदा बाजूला ठेवून नुसतं अंतर मोजा. ताशी १२७ किलोमीटरवरून ब्रेक जीव खाऊन दाबला तरी गाडी थांबायला नव्वद मीटर लागतात. ब्रेक न तापवता सावकाश थांबवायची तर दोनशेहून जास्त. ताशी २०० ने रेषा ओलांडणाऱ्या गाडीला तशाच सावकाश थांबायला पाचशे मीटर हवेत. म्हणजे पाव मैलाच्या शर्यतीला जवळपास किलोमीटरभर सरळ, सपाट, दोन्ही बाजूंनी बंद जागा लागते. अशी जागा धावपट्टीच असू शकते. अमेरिकेत स्कॉट कॅलिटा या चालकाचा २००८ मध्ये मृत्यू झाल्यावर सर्वांत वेगवान गटांची शर्यतच पाव मैलावरून १००० फुटांवर आणली गेली, ती थांबायला जागा वाढावी म्हणून. ज्यांचं आयुष्य यात गेलं त्यांना जी जागा कमी पडली, ती आपल्या बायपासवर पुरेल असं कोणी मानू नये.

आपल्या देशात अधिकृत स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेने होतात. या संस्थेकडून चालकाला परवाना घ्यावा लागतो. धावेआधी गाडीची तपासणी होते. बॅटरी घट्ट आवळलेली आहे का, कुठून तेल किंवा कूलंट गळतं का, पट्टा नीट अडकतो का, चाकांचे नट कसलेले आहेत का, सीटखाली मोकळी बाटली किंवा पाना लोळतो आहे का, हेल्मेट आहे का. तेलाच्या गळतीवर तपासनीस कडक असतात ते योग्यच आहे. एका गाडीचं सांडलेलं चमचाभर तेल मागून येणाऱ्याला भिंतीवर नेऊ शकतं.

जुन्या गाडीवाल्याने तपासणीच्या आधी घरीच पाहायची पहिली गोष्ट म्हणजे टायर. नक्षी खोल दिसते म्हणून टायर चांगला, असं नाही. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कमी फिरणाऱ्या जुन्या गाड्यांवर आठ-दहा वर्षांचे, नक्षी शाबूत पण रबर लाकडासारखं झालेले टायर सर्रास दिसतात. ते रेषेवर घसरतात, आणि शेवटी ब्रेक लावताना जास्त घसरतात. त्याखालोखाल टायमिंग बेल्ट. तो किलोमीटरप्रमाणे बदलतात तसा वर्षांप्रमाणेही बदलायचा असतो. तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो.

पेट्रोलचा मुद्दा नगर जिल्ह्याच्या अधिक जवळचा आहे. राज्यातली सहकारी साखर कारखानदारी लोणीच्या प्रवरेत जन्मली. आज राज्यातल्या अनेक कारखान्यांचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ठोके बसू देत नाही, म्हणून शर्यतीच्या इंजिनांना अल्कोहोल आवडतं. अमेरिकेत मेथनॉलवर चालणाऱ्या ड्रॅग गाड्यांचे स्वतंत्र गट आहेत. पण २००१ च्या गाडीचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि टाकीत उतरलेलं पाणी इथेनॉल स्वतःकडे ओढून घेतं. पेट्रोलचे जुने पाइप बदलून इथेनॉल सोसणारे टाकणं हा थोडक्या पैशाचा आणि आगीपासून वाचवणारा उपाय आहे. धाव काढणार असाल किंवा नसाल, तो कराच.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात. एमएच १६ ची खासगी गाडी १५ वर्षांची झाली की फेरनोंदणी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नोंदणी पाच पाच वर्षांनी वाढते. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, पण अशी गाडी नित्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे पंचवीस वर्षांची गाडी कायद्याच्या लेखी साधी गाडीच, आणि ते आपल्या पथ्यावर पडतं. फक्त कलम ५२ ध्यानात ठेवायचं: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सायलेन्सर काढून आवाज वाढवल्याने वेळ कमी होतो हा समज तर धड खराही नाही. कमी फेऱ्यांवरचा ओढा जातो आणि साठ फुटांचा आकडा बिघडतो.

धावांनंतर गाडी घरी चालवतच आणायची असते, त्यामुळे निघण्यापूर्वी तासभर तिच्यासाठी काढावा. चाकांची हवा बदललेली असेल तर ती पुन्हा रोजच्या दाबावर आणायची, नट पुन्हा कसायचे, स्टेपनी आणि जॅक जागेवर टाकायचे. इंजिन गार झाल्यावर ऑइलची काडी ओढून पातळी पाहायची. क्लच तपासायचा असेल तर मोकळ्या जागी चौथ्या गिअरमध्ये सावकाश चालताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. वेग न वाढता नुसत्याच इंजिनाच्या फेऱ्या चढल्या तर चकत्या झिजल्या. मग दुसऱ्या दिवशी एक प्लग काढून त्याचं टोक पाहायचं. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. पांढरं पडलं असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आहे; इंजेक्टर आणि पेट्रोलचा फिल्टर साफ करून घेईपर्यंत पुढच्या धावेचं नाव काढायचं नाही.